गुरुवारपुरती गोळी

त्रिवेणी दर गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गल्लीत यायची आणि आमची गल्ली तिच्याशी खोटं बोलायची. एक-दोन घरं नव्हेत, चांगली चौदा घरं. त्यात माझंही घर होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी त्या पोरीचं कौतुक करायला लागलो की कुणीतरी मला भला माणूस समजायचं.

आमची गल्ली चिक्कडपल्लीच्या मागच्या अंगाला नाल्याकडे उतरते. निम्मी घरं आमची, म्हणजे नांदेड-परभणीकडून दोन पिढ्यांपूर्वी पोटासाठी आलेल्या बौद्धांची, आणि बाकीची तेलुगू. मी शंकरराव. सुलतान बाजारात एका पुस्तकांच्या दुकानात अडतीस वर्षं काउंटरमागे उभा होतो. शाळेची पुस्तकं, गाईडं, वह्या, नकाशे. पुस्तकं विकणारा माणूस पुस्तकं वाचत असणारच, असं लोक धरून चालतात, त्यामुळे गल्लीत मी शिकलेला. कुठून कागद आला की माझ्याकडे, औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते विचारायला माझ्याकडे. या मानाची मला चटकच लागली होती.

त्रिवेणी परकरात होती तेव्हापासून मी तिला बघतोय. चार घरं सोडून तिचं घर. बाप रंगकाम करायचा. एका इमारतीला रंग देता देता तो शिडीवरून उतरला, डोकं फार दुखतंय म्हणून पायरीवर बसला आणि तिथेच आडवा झाला. वय शेहेचाळीस. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्रिवेणीच्या आईला, कुसुमताईला विचारलं, "यांना बीपी होतं का?" कुसुमताईनं माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय ठाऊक! त्या माणसाच्या दंडाला जन्मात कधी पट्टा लागला नव्हता. त्रिवेणी तेव्हा बारावीत होती. ती मला म्हणाली, "मामा, हे आधी कळलं असतं?"

"कळलं असतं, पोरी. दोन मिनिटांचं काम असतं."

शिकलेला माणूस ना मी, उत्तर तयार होतं. ते तिच्या किती आत जाऊन बसलं ते मला पुढे तीन वर्षांनी कळलं. साडीच्या दुकानातली बरी चाललेली नोकरी सोडून ती एका संस्थेत गेली. संस्था वस्त्यांमधून बीपीचं काम करायची. घरोघर जायचं, तपासायचं, ज्यांना गोळ्या चालू आहेत ते घेतात का बघायचं, मीठ कमी करायला सांगायचं. पगार साडीच्या दुकानापेक्षा कमी. कुसुमताई चार घरी स्वयंपाक करून संसार ओढत होती, तिनं कपाळाला हात लावला. पण पोरगी ऐकेना.

तिची कामाची पद्धत बघण्यासारखी होती. आली की आधी पाच मिनिटं गप्प बसवायची. पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला, हात टेबलावर. आमच्याकडे टेबल नव्हतं तर उशी ठेवायची. बाही वर केल्याशिवाय पट्टा बांधायची नाही. बोललं की डोळे वटारायची. माझी बायको मालन म्हणजे बोलण्याचं यंत्र. तिला पाच मिनिटं गप्प बसलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा त्रिवेणीच्या खुर्चीवर पाहिलं. मी त्रिवेणीला म्हणालो, "तू रोज येत जा." मालननं मला तिथूनच डोळ्यांनी दम दिला.

दोनदा मोजायची, आकडा वहीत लिहायची आणि घराच्या कार्डावर टिकली चिकटवायची. आटोक्यात असेल तर हिरवी, नसेल तर लाल. मिठासाठी तिनं स्वतःची एक युक्ती काढली होती. मिठाची नवी पुडी फोडली की तिच्यावर तारीख घालायची, म्हणजे किलोभर मीठ किती दिवस पुरतं ते कळतं. बायकांनी आठ दिवसांत त्यावर तोड काढली. तारखेची पुडी ओट्यावर, बिनतारखेची डब्यामागे. शेजारच्या सत्यवतीच्या घरी आवकाय लोणच्याच्या बरण्या खाटेखाली जायच्या आणि त्रिवेणी वळली की बाहेर यायच्या. त्रिवेणीला हे कळत होतं. ती हसायची, म्हणायची, "लपवा, पण लपवताना तरी आठवण येईल ना माझी." चिकाटी म्हणजे काय ते त्या पोरीकडून शिकावं.

वर्षभर असं चाललं. टिकल्या लालच. मग एका रविवारी, विहारात वंदना झाल्यावर, तिच्या वरच्या मॅडम आल्या. कुकटपल्लीच्या ऑफिसातून. आम्ही सगळे अजून ओसरीवर चपला शोधत होतो. मॅडमनी वही चाळली आणि आमच्यासमोरच त्रिवेणीला सुनावलं. सगळ्या वस्त्यांत तुझ्या वस्तीचे आकडे खराब. लोकांना समजावता येत नसेल तर तसं सांग, दुसऱ्या मुली रांगेत आहेत. त्रिवेणी मान खाली घालून उभी होती. बावीस वर्षांची पोरगी, आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांसमोर. मला मॅडमचा राग आला, पण तोंड उघडायला माझ्याकडे काय होतं? आकडे आमचेच होते.

त्याच संध्याकाळी नळावर बायका जमल्या. मी दारात पेपर घेऊन बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. सत्यवती तेलुगू, आमच्याशी दखनीत बोलते. ती म्हणाली, "बच्ची की नोकरी जाती अम्मा. कुछ तो बी करना."

मालन म्हणाली, "करू की. बुधवारी सकाळी एक गोळी, रात्री एक, गुरुवारी पहाटे एक. माझं मागच्या महिन्यात असंच चुकून झालं, तर आकडा निम्म्यावर आला. पोरीची मान खाली गेली नाई पाहिजे."

बास. एवढ्या एका वाक्यावर ठरलं. गोळ्या रोज घ्यायच्या असतात हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या बस्तीच्या दवाखान्यातून फुकट मिळत होत्या आणि घराघरांत डब्यात साठत होत्या. पण जिला काही दुखत नाही, खुपत नाही, तिनं रोज गोळी का खावी? मालनचं म्हणणं असं, की तिच्या थोरल्या भावानं नांदेडला बीपीची गोळी सुरू केली आणि वर्षात गेला. गोळी सुरू केली म्हणून गेला की उशिरा सुरू केली म्हणून, हा हिशेब तिनं मांडला नाही. शिवाय त्या गोळीनं तिचे पाय सुजायचे. चप्पल चढायची नाही. मी म्हटलं, "त्रिवेणीला सांग, डॉक्टर बदलून देतील."

"तिला सांगितलं तर ती वहीत लिहील. मग मॅडम पुन्हा बोलेल तिला. नक्को."

तर अशी माझी बायको. पोरीवर जीव, म्हणून पोरीचंच ऐकायचं नाही.

त्या गुरुवारपासून गल्ली हिरवी झाली. बुधवारी सकाळी मालन दारोदार फिरायची, "उद्या गुरुवार हाय, घेतली का?" बुधवारी रात्री चौदाही घरांत अळणी वरण शिजायचं. पुरुष कुरकुरायचे, बायका म्हणायच्या, एक रात्र गप गिळा. एका दिवसात तीन-तीन गोळ्या पोटात गेल्यानं गुरुवारी कुणाला गरगरायचं, कुणी उठता उठता भिंत धरायचं. शुक्रवारी पुन्हा लोणचं, पुन्हा पापड, आणि गोळ्या डब्यात. आम्ही यावर हसायचो. खरं सांगतो, मीही हसलो.

आणि माझी स्वतःची गोळी? ती मी रोज घेत होतो. दुकानात असताना एकदा चक्कर येऊन पडलो होतो, तेव्हापासून एक दिवस चुकवली नाही. सकाळी चहाच्या आधी, मालनच्या समोर, मी माझी गोळी घ्यायचो आणि ती मला पाणी द्यायची. तिनं घ्यावी म्हणून सुरुवातीला दोन-तीनदा बोललो. तिनं तोंड फिरवलं की मी पेपर उघडायचो. सकाळी सकाळी कटकट कुणाला हवी! चाळीस वर्षांच्या संसारात मी शांतता विकत घ्यायला शिकलो होतो, आणि प्रत्येक वेळी ती मला स्वस्त वाटायची.

दीड वर्ष झालं. त्रिवेणीचं नाव झालं. दुसऱ्या वस्त्यांतल्या मुली तिच्याबरोबर फिरून काम शिकायला यायला लागल्या. ती त्यांना आमच्या गल्लीत आणायची, मालनला खुर्चीत बसवायची आणि सांगायची, "या मामी सुरुवातीला गोळीचं नावसुद्धा काढू द्यायच्या नाहीत. आता बघा." मुली मालनकडे कौतुकानं बघायच्या. मालन पदर सावरून बसायची. मी आत जाऊन उगाच भांडी हलवायचो.

मग तो मंगळवार. संस्थेचा कार्यक्रम होता, त्रिवेणीचा शाल देऊन सत्कार व्हायचा होता. त्याचं सांगायला ती अवचित आमच्याकडे आली. मालन चूल-भांड्यात होती, तोंड लाल झालेलं, कपाळ दाबत होती. त्रिवेणी म्हणाली, "मामी, बसा बरं." मालन म्हणाली, "आज कशाला?" पण त्रिवेणीची पिशवी नेहमी बरोबर असायची. पाच मिनिटं बसवून तिनं पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे ब्याण्णव. पुन्हा मोजलं. एकशे शहाण्णव.

त्रिवेणीचा चेहरा उतरला. मालन भराभरा बोलायला लागली, सत्यवतीशी पाण्यावरून भांडण झालं, ऊन लागलं, जिन्यानं वर-खाली केलं. आमच्या घराला जिनाच नाही. त्रिवेणीनं तिचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली. बाकी कुणावर नसला तरी माझ्यावर तिचा विश्वास होता.

"मामा, मामी गोळी रोज घेतात ना?"

मालन तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघत होती. फार नाही, एक शब्द बोलायचा होता. 'नाही' म्हणालो असतो तर मालन दोन दिवस बोलली नसती, सत्कार बारगळला असता, बायकांनी मला नळावर शिव्या घातल्या असत्या. एवढंच झालं असतं.

"हौ," मी म्हणालो. "घेते की."

दोन दिवसांनी गुरुवारी आकडा आला एकशे चौतीस. त्रिवेणीनं मशीनच बिघडलं असेल म्हणून ते ऑफिसात नेऊन तपासून आणलं. मशीन ठीक होतं. मग तिनं मंगळवारचा आकडा भांडणाच्या खात्यात टाकला. पुढच्या आठवड्यात तिचा सत्कार झाला. आम्ही सगळे गेलो होतो. सगळ्यात जोरात टाळ्या मालननं वाजवल्या.

त्यानंतर सव्वा महिन्यानं, सोमवारी सकाळी, मालन भाकरी थापत होती. मी बाहेर होतो. परातीचा आवाज थांबला म्हणून आत गेलो, तर ती उजवा हात डाव्या हातानं उचलून बघत होती. मला काहीतरी सांगत होती, पण तोंडातून शब्द येईना, नुसता आवाज. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. पीठ लागलेल्या त्या हाताकडे ती फार आश्चर्यानं बघत होती. ती घाबरली कशी नाही, हे मला अजून कळत नाही.

रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास गेला. मुलगा प्रबुद्ध कुकटपल्लीहून ट्रॅफिकमधून दवाखान्यात पोचला तेव्हा तिला शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. त्यांनी विचारलं, "बीपीची गोळी चालू होती?" प्रबुद्ध माझ्याआधी म्हणाला, "हो, रेग्युलर. आमच्या वस्तीत त्यासाठी एक ताई येतात." त्याच्या आवाजात अभिमान होता. मी ऐकून घेतलं. सहाव्या दिवशी मालन गेली.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, प्रबुद्ध आणि सून शिवानी त्यांच्या घरी परत गेले. मला चल म्हणत होते. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

पुढच्या शनिवारी सकाळी त्रिवेणी आली. एका हातात पिशवी, दुसऱ्यात वही. जयभीम केलं आणि खाली जमिनीवर बसली. खुर्चीकडे तिनं पाहिलंही नाही. मग म्हणाली, "मामा, मामी माझ्यामुळे गेल्या."

मी म्हटलं, "असं काय बोलतीस?"

"त्या मंगळवारी आकडा खरा होता. मी भांडणावर ढकललं. मला तेव्हाच त्यांना दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. रोज गोळी घेऊन पण एकशे शहाण्णव, म्हणजे गोळी बदलायची असते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय. मी सत्काराच्या नादात राहिले." तिनं वही पुढे सरकवली. "सोमवारी मशीन परत करते. मला नाही जमत हे. बाबांच्या वेळी कुणाला कळलं नाही. आता माझ्या हातात मशीन असून कळलं नाही."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी कदाचित पुन्हा गप्प बसलो असतो. दोन शब्द समजुतीचे बोलून, पाठीवरून हात फिरवून तिला घरी पाठवलं असतं. ते मला फार चांगलं जमतं. पण तिनं ती वही माझ्यासमोर उघडली, मालनच्या नावाचं पान काढलं आणि त्या दीड वर्षाच्या सरळ ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "सांगा ना मामा, कुठं चुकले मी?"

मग मी सांगितलं. मालन रोज घेत नव्हती. बुधवार-गुरुवार घ्यायची. तुझे आकडे चांगले यावेत म्हणून. तुला पुन्हा कुणी बोलू नये म्हणून. नळावर कसं ठरलं, अळणी वरण, सगळं. त्रिवेणी ऐकत होती. तिचं बोट त्या ओळीवरच होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुमची गोळी?"

"मी रोज घेतो."

मला वाटलं आता ती उठून जाईल, किंवा थुंकेल माझ्यावर. थुंकली असती तर बरं झालं असतं. पण तिनं पिशवीतून पेन काढलं आणि वहीचं पहिलं पान उघडलं. "मामींबरोबर आणखी कोण कोण?" तिनं विचारलं. "नावं सांगा."

मी नावं सांगायला लागलो. सत्यवती. कोपऱ्यावरचे दोघं नवरा-बायको. वंदना आणि तिची सासू. प्रत्येक नावासमोर ती एक फुली मारत होती आणि पान उलटत होती. आवाज न चढवता विचारत होती, आणि मी सांगत होतो. बारा घरं झाली. मी थांबलो. तिनं शेवटच्या पानावर पेन टेकवून ठेवलं होतं, पण फुली मारली नव्हती. पान कुणाचं होतं ते मला उलटंही वाचता येत होतं.

"माझी आई नाही ना मामा? मी रोज गोळी तिच्या हातावर ठेवून निघते."

कुसुमताई ती गोळी पदरात बांधायची. त्या गोळीनं तिला सारखं लघवीला लागायचं, आणि ज्या घरांत ती स्वयंपाक करते तिथं तिला बाथरूम वापरू देत नाहीत. पोरीला सांगितलं तर पोरगी कामं सोडायला लावेल, म्हणून सांगितलं नाही. गुरुवारी ती कामावर उशिरा जायची. हे मालननं मला सांगितलं होतं आणि मी नेहमीसारखं ऐकून घेतलं होतं.

"ती पण," मी म्हणालो.

त्रिवेणी उठली. वही तशीच जमिनीवर पडली. पिशवी उचलून ती पळत सुटली, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, मीही तिच्यामागे गेलो.

कुसुमताई नुकतीच कामावरून आली होती. उंबऱ्यात बसून पदरानं तोंड पुसत होती. त्रिवेणीनं पिशवीतून पट्टा काढला, आईसमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, हात दे."

कुसुमताईनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे धापा टाकत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. हात पदराखाली ओढून घेतला.

"आज नक्को गं," ती म्हणाली. "गुरुवारी बघ ना. गुरुवारी चांगलं येतंय."